कार्सन सिटीचे तेरा डॉलर

९ मे १९८८, डेटन, नेव्हाडा

रस्तेखात्यातून निवृत्त झालो तेव्हा जोआनने ही वही दिली होती. "डॅड, काहीतरी लिहीत जा, नाहीतर दिवसभर मॉमचं डोकं खाशील." पोरगी आईवर गेलीय, फाडकन तोंडावर बोलते. मी वही फडताळात टाकून दिली. जन्मभर माउंट रोझच्या घाटात बर्फ ढकलला, त्यात लिहिण्यासारखं काय? आज ढकलला की उद्या परत हजर.

पण आज लिहायलाच हवं. आर्लो बीसनचा फोन आला. कार्सन सिटीत त्याचं जुन्या नाण्यांचं दुकान आहे. तोंडाने फाटका, पण नाण्याच्या बाबतीत चोख माणूस.

"व्हर्जिल, बसलायस ना? नसलास तर आधी बस. अठराशे एकोणनव्वद आलंय."

मी मटकन बसलो.

जोआनला पुढेमागे वाचावंसं वाटलं तर कळावं म्हणून लिहितो. कार्सन सिटीच्या जुन्या टाकसाळीत या जातीचे चांदीचे डॉलर तेराच सालांचे पडले. पुढच्या बाजूला बाईचा चेहरा, मागे गरुड, आणि गरुडाच्या खाली शहराची दोन इवलीशी अक्षरं, सी सी. माझ्याकडे बारा सालं आहेत. एकोणनव्वद तेवढं नाही. ते मिळावं म्हणून मी किती गोठे, किती दारूची दुकानं आणि किती म्हाताऱ्यांच्या बरण्या उपसल्यात ते माझं मला ठाऊक.

लूसिलला सांगायला धावलो तर ही भर दुपारी पलंगावर आडवी. "छान झालं रे," म्हणाली. एवढंच! एरवी म्हणाली असती, "आली का तेरावी सवत?" मला जरा फुसकं वाटलं.

११ मे

नाणं पाहून आलो. पिरॅमिड लेककडच्या कुणा रँचवाल्या बाईने कॉफीच्या डब्यातून आणलेलं. मी लगेच हुरळलो नाही. हल्ली लबाड लोक दुसऱ्या एखाद्या फुटकळ डॉलरवरची अक्षरं कापतात आणि दुसऱ्या टाकसाळीच्या साध्या एकोणनव्वदच्या पाठीवर चिकटवतात. भिंग लावून अक्षरांच्या बुडाशी बघायचं असतं. सांधा असला तर केसासारखी रेघ दिसते. मी उन्हात नेऊन बघितलं, दिव्याखाली बघितलं, आडवं धरून बघितलं. आर्लो म्हणाला, "अरे, लग्नाआधी बायकोला तरी एवढं बघितलं होतंस का?"

सांधा नाही. अस्सल आहे. झीजही बेताची. झीज ओळखायची तर तीन ठिकाणं बघावीत, गालाचं हाड, कानावरचे केस, गरुडाची छाती. आधी तिथून माल जातो. बाकीचं नाणं धडधाकट दिसतं आणि नवखा माणूस फसतो.

आर्लोने किंमत सांगितली. माझी फिरती गाडी, आत चूल-पलंग असलेली, ती विकल्याशिवाय जमणार नाही, आणि ती तर लूसिलचा जीव की प्राण. निवृत्तीनंतर तिच्यातून ऑरेगॉनच्या किनाऱ्याने फिरायचं, असं आमचं ठरलंय.

१४ मे

भांडायच्या तयारीने बसलो होतो. लूसिल म्हणाली, "विकून टाक ना. आता आपण कुठं जातोय?"

एवढी समजूतदार बायको कुणाला मिळते? आर्लोला सांगितलं तर म्हणाला, तुझं नशीब घोड्यावर बसलंय. मी उड्याच मारायच्या बाकी ठेवल्या होत्या.

२ जून

तेरा झाले. आतून मऊ फेल्टचं कापड लावलेल्या पेटीत ओळीने मांडले. पुढची गोष्ट म्हणजे ऑगस्टमध्ये रीनोत राज्याचं नाणे-प्रदर्शन आहे, तिथं पूर्ण संच मांडायचा. पूर्ण संच मांडणारे फार नाहीत. बर्फवाला व्हर्जिल स्टोडार्ड त्यांच्यातला एक असेल.

लूसिल परत रीनोला गेली, जोआनकडे. दाताचं काम म्हणे. या बाईला दात तरी आहेत किती?

१९ जून

फादर्स डे. जोआन आली होती, पण मायलेकी सगळा वेळ स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या. मी गेलो की गप्प. जेवताना जोआनचे डोळे लाल दिसले. नवऱ्याशी वाजलं असणार. मी पडलो नाही मध्ये.

लूसिलने कोकराचा रस्सा केला होता, तिच्या बापाच्या पद्धतीचा, स्पेनच्या डोंगरांतून इकडे आलेले बास्क मेंढपाळ करतात तसा भरपूर लाल मिरची घालून. स्वतः मात्र नुसता पाव कुरतडत बसली. वजन उतरवायचं मनावर घेतलंय. उतरलंय पण हो! लग्नातला निळा झगा तिला परत होतोय. मी म्हटलं, "काय गं, पोरगी दिसायला लागलीस की." ती हसली आणि मग बराच वेळ भांडी घासत राहिली.

१ जुलै

लूसिलने हट्ट धरला की एल्कोला बास्क लोकांच्या जत्रेला जायचं. तिच्या माहेरची माणसं भेटतात, नाच, लाकूडतोडीच्या शर्यती. मी म्हटलं, अगं एवढ्या उन्हात तीनशे मैल? आणि मला पेटीच्या पाट्या रंगवायच्यात. पुढच्या वर्षी जाऊ, कुठं पळून चाललीय जत्रा.

"बरं," म्हणाली.

हल्ली ती भांडत नाही. म्हातारपणी बायका निवळतात म्हणतात ते खरं असावं.

२३ जुलै

घरात भूत शिरलंय सफाईचं. कपाटं रिकामी करून पुसली, पडदे धुतले, माळ्यावरची खोकी जोआनला देऊन टाकली. फ्रीझर डब्यांनी गच्च भरून ठेवलाय. मी म्हटलं, "काय युद्धबिद्ध सुरू होतंय का?" आज तर मला हाताला धरून कपडे धुण्याच्या यंत्रापुढे उभं केलं. पांढरे कुठले, रंगीत कुठले, साबण किती. मी म्हटलं, या वयात मला धोबी करतेस? तर तिला एवढं हसू आलं की यंत्राला धरून खालीच बसली. पाठीत कळ आली म्हणे. मी उठवलं. हाताला नुसती हाडं लागली. हे डाएट आता पुरे म्हणून दम भरला.

१४ ऑगस्ट

आज एक नवल. एवढ्या वर्षांत पेटीकडे ढुंकूनही न बघणारी लूसिल शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "दाखव ना एकेक. माझ्या सवती कोण कोण आहेत ते तरी कळू दे."

दाखवल्या. कधी तिच्या हातात दिल्या नव्हत्या, आज दिल्या. कडेने धरायचं, तोंडावर बोट लावायचं नाही, हे शिकवलं. कुठला कुठल्या दारूच्या दुकानाच्या गल्ल्यात सापडला, कुठला तिच्याच काकाने मला पत्त्यांत हरलेला, सगळं सांगितलं. दुपार कशी गेली कळलं नाही. खिडकीत बसलो होतो, बाहेर कॉटनवुडच्या झाडाची पानं सळसळत होती, आणि ही माझ्या खांद्याला टेकून ऐकत होती. बऱ्याच दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

एकोणनव्वद हातात घेऊन म्हणाली, "बिचारीचं तोंड किती काळवंडलंय."

मी म्हटलं, "तीच तर तिची शोभा."

"तुम्हा पुरुषांना काय, काहीही शोभा वाटते."

१७ ऑगस्ट

संताप आवरत नाही.

दुपारी कार्सन सिटीहून काच घेऊन आलो, पेटीवर बसवायला. स्वयंपाकघरात लूसिल टेबलाशी बसलेली. पुढे टॉवेल अंथरलेला, वाटीत कालवलेला खायचा सोडा, हातात माझ्या जुन्या बनियनचं फडकं. आणि टॉवेलवर माझे डॉलर. चकचकीत. जत्रेतल्या खेळण्यासारखे चकचकीत.

"इतक्यात आलास?" म्हणाली. वर हसली. "बघ तुझ्या बायका. कशा न्हाऊनमाखून बसल्यात."

नाणं एकदा घासलं की मेलं. ही गोष्ट आमच्यातलं पोरसोरही जाणतं. शंभर वर्षांत चांदीवर जो काळपट-जांभळा रंग चढतो ती नाण्याची अब्रू. घासलं की वरची कातडी जाते, ओरखडे उठतात, आणि ते या जन्मी जात नाहीत. तेरा सालं. माझं सगळं आयुष्य त्या टॉवेलवर पडलं होतं.

मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. ती म्हणाली, "अरे, चारचौघांत मांडणार तू. मला वाटलं, माझ्या हातून एवढं तरी..." मी तिला पुरतं बोलू दिलं नाही. म्हणालो, "तुला कधी अक्कल नव्हती आणि यायचीही नाही. मारून टाकलंस त्यांना. मला परत तोंड दाखवू नकोस."

ती टेबल धरून उठली. वाटी धुतली, फडकं वाळत घातलं.

नाणी तशीच पेटीत कोंबली. आज गॅरेजमध्येच झोपणार.

१८ ऑगस्ट

सकाळी जोआन गाडी घेऊन आली आणि लूसिल छोटी बॅग घेऊन तिच्याबरोबर रीनोला गेली. फुगून माहेरी जावं तशी लेकीकडे. जाताना गॅरेजच्या दाराशी उभी राहिली. "व्हर्जिल, मी जाते. सोमवारी सकाळी फोन करशील?"

मी स्क्रू शोधत होतो. शोधतच राहिलो.

दुपारी पेटी आर्लोकडे नेली. त्याने झाकण उघडलं आणि शीळ घातली. "कुणी केलं हे पाप?" म्हटलं, बायकोने. "घटस्फोट घे. मी साक्षीला येतो." दोघंही हसलो. प्रदर्शनातून नाव काढून घेतलं. पेटी कपाटावर फेकून दिली, परत बघायची नाही.

२१ ऑगस्ट

रविवार. प्रदर्शन आज संपलं. गेलो नाही. जोआनचा फोन. "डॅड, मॉमशी बोल ना जरा. दोनच शब्द बोल."

मी म्हटलं, "तिला बोलायचं असेल तर घरी येईल."

"डॅड, प्लीज."

"माझं डोकं अजून थंड झालेलं नाही," म्हणालो आणि ठेवून दिला. मीच का नमतं घ्यायचं दरवेळी? दरवेळी म्हणजे खरं तर तीच घेते. पण या वेळी चूक तिची आहे.

२२ ऑगस्ट

सोमवार. फोनजवळून तीनदा गेलो. उद्या करीन. एक दिवस कळू दे तिलाही.

घर फार लख्ख दिसतंय. कुठं कप ठेवायला भीती वाटते.

२३ ऑगस्ट

जोआन: "डॅड, आता ये. आत्ताच्या आत्ता."

२७ ऑगस्ट

लूसिल काल गेली.

दाताचं काम नव्हतंच. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. मे महिन्यातच कळलं होतं. सोमवारी सकाळी ऑपरेशन झालं आणि त्यातून ती शुद्धीवर आलीच नाही. मी पोचलो तेव्हा नळ्या होत्या, यंत्रं होती, आणि त्यांच्या मध्ये लूसिल होती, एवढीशी. रात्रंदिवस हात धरून बसलो. काय काय बोललो. नर्स म्हणाली, त्यांना ऐकू येतं. नर्स सगळ्यांनाच असं सांगत असणार.

जोआनवर ओरडलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात, लोकांसमोर. "मला का सांगितलं नाहीस?"

ती भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "तिने शपथ घातली होती. डॉक्टर जूनमध्येच कापू म्हणाले होते, डॅड. तीच ऐकेना. त्याचं प्रदर्शन होऊ दे, म्हणाली. आयुष्यभर दुसऱ्यांचे रस्ते मोकळे करत बसला. त्याचा एक दिवस आहे, तो मी नासवणार नाही."

आणि रविवारी? रविवारी ती फोनपाशी बसली होती. जोआन बोलत होती तेव्हा तिच्या शेजारी. माझं बोलणं तिला ऐकू आलं का, हे मी विचारलं नाही. जोआनने सांगितलंही नाही. जोआनच्या तोंडाकडे बघितलं, तेवढं पुरलं.

मी तिला म्हणालो होतो, तोंड दाखवू नकोस.

३१ ऑगस्ट

पुरलं तिला. एल्कोहून तिची माणसं आली होती. एक म्हातारा मामा म्हणाला, जत्रेत वाट बघितली आम्ही. मी म्हटलं, पुढच्या वर्षी येणार होतो.

निळा झगा घातला होता तिला. सैल होत होता. मी त्या झग्यात तिला पोरगी दिसतेस म्हणालो होतो. हे देवा, किती आंधळा असावा माणूस.

१२ सप्टेंबर

फ्रीझरमधले डबे एकेक करून संपत आले. नको वाटतं खायला, संपतील म्हणून. मग भूक लागते, लाज वाटते, आणि खातो. आज घेवडा आणि लाल सॉसेज. उभ्याउभ्या डब्यातूनच खाल्लं. मीठ जरा जास्त होतं. तिला चव लागत नसणार तेव्हा.

२ ऑक्टोबर

कपडे धुतले. पांढरे गुलाबी झाले. यंत्राशी बसून रडलो. आधी हसू आलं होतं.

९ ऑक्टोबर

जोआन दर रविवारी येते. आम्ही दोघं कॉफी पितो, हवापाण्याचं बोलतो. आज निघताना म्हणाली, "डॅड, तुझ्यावर रागावलेय मी अजून. पण येणं सोडणार नाही." मी म्हटलं, बरोबर आहे. दारात उभा राहून तिची गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघितलं. पूर्वी लूसिल बघायची, मी आतच असायचो.

१३ नोव्हेंबर

आर्लो आला होता. अंत्यविधीला कोपऱ्यात उभा राहून निघून गेला होता, तेव्हापासून तोंड चुकवत होता. आज आत आला खरा, पण टोपी हातातच फिरवत राहिला. "ती घटस्फोटाची थट्टा, व्हर्जिल..." मी म्हटलं, जाऊ दे, हसलो तर मीही होतो. मग त्याला काहीतरी बरं बोलायचं म्हणून म्हणाला, "ती नाणी उन्हाच्या खिडकीत कागदात गुंडाळून ठेव. परत रंग धरतील. दहा वर्षांत घासल्यासारखी वाटायची नाहीत."

तो गेल्यावर पेटी काढली. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. आर्लोचं खरं आहे, कडेला पिवळसर झाक यायला लागलीय. एरवी खूश झालो असतो. आज नाही. तिने घासलेलं पुसलं जातंय.

भिंग घेतलं आणि खिडकीत बसलो. पहिलं साल, अठ्ठ्याहत्तर. आम्ही लोक ओरखडे बघतो ते नाण्याला नावं ठेवायला. मी आज नुसते बघितले. बारीक बारीक गोल रेघा आहेत, सगळ्या एकाच दिशेने वळलेल्या, उलट्या. लूसिल डावखुरी. कपाळापासून सुरुवात करून गालावरून हनुवटीपर्यंत, एकावर एक गोल, घट्ट. हाताला जोर होता. दुसरंही तसंच. एक्याऐंशीपर्यंत तसंच.

ब्याऐंशीवर गोल लहान झाले. चौऱ्याऐंशीवर मधे तुटतात, परत सुरू होतात. तिथं ती थांबत असेल, दम खात असेल, पाठीला हात लावत असेल. एकोणनव्वदवर मात्र परत सगळा जोर लावलाय. अक्षरांच्या भोवतीसुद्धा काडीने फिरून आलीय, एक कण ठेवला नाही. ती कुठली ते तिला ठाऊक होतं, मी त्याच्या तीनच दिवस आधी सांगितलं होतं. त्यानंतरच्या नाण्यांवर गोल असे नाहीतच, नुसत्या सरळ रेघा, आणि त्याही फिक्या. हात टेबलावर टेकवून नुसती बोटं हलवली असावीत.

मी तिला कधी एवढं निरखून बघितलं नव्हतं. उन्हात धरून, भिंग लावून, कुठं दुखतंय ते. ती जिवंत होती, समोर होती, तेव्हा मी दुसऱ्या बाईचं गालाचं हाड तपासत होतो.

शेवटचं त्र्याण्णव. कपाळ आणि डोळा चकचकीत आहे. रेघ गालाच्या मध्यावर येऊन थांबते. त्याच्या पुढे हनुवटी, मान, केस, सगळं जुनं काळं तसंच आहे.

तिथं माझी गाडी अंगणात शिरली.

मला अजून थोडा उशीर व्हायला हवा होता. काचवाल्याने मला गप्पांत अडकवायला हवं होतं, पुलावर मेंढ्या आडव्या यायला हव्या होत्या, काहीही. तेवढ्यात तिचं एक नाणं पुरं झालं असतं.